आठ अंश सतरा मिनिटं

तिसऱ्या गेटाच्या अलीकडं, हनिफच्या भंगारात
तीन डबे पुढ्यात घेऊन तासभर उकिडवा बसलो.
एकात मोर्स, तीन नंबरचे, गंजलेले पण खरे.
दुसऱ्यात आर-एट, एकुलता एक, खाच झिजलेला.
तिसऱ्यात थर्टी टेपर, मच्छेच्या बंद पडलेल्या
कुठल्याशा कारखान्यातून निघालेले,
दोरी हरवलेल्या भोवऱ्यांसारखे आडवे पडलेले.

"काय शोधायलास रे येवढं?" हनिफ.
"मशीनला तोंड," म्हटलं.

मशीन म्हणजे काय, अनगोळात न्हाणीमागं पत्र्याखाली
ड्रिलचा खांब, मोडक्या लेथचा बेड,
पिठाच्या गिरणीची मोटर.
तीन वर्षं झाली. टेबलावर बायको सांडगे वाळवते.
कटर धरायचा कशात, तेवढंच ठरायचं राहिलंय
आणि तेवढ्यावाचून सगळं लोखंडच.

मोर्स सोपा.
रवळू मेस्त्रींनी जाताना दिलेली पेटी घरात आहे,
सॉकेट, चक, दोन सेंटर, सगळं मोर्सचंच.
दीड अंशाचा उतार. तळहातानं ठोसलं
की लोखंड लोखंडाला धरतं.
सोडायचं मात्र त्याला ठाऊक नाही.

उद्यमबाग, सत्त्याण्णव साल, दुसरी पाळी.
इराप्पाच्या मिलिंगवर आर्बर अडकला.
मी वर चढलो, ड्रॉबारवर हातोडा घातला.
"बिडो," खालून इराप्पा. "बिडो मारायाऽ."
मला वाटलं, आर्बरला म्हणतोय, सोड म्हणून.
आणखी जोरात घातला.
पाचव्याला सुटला.
दुसऱ्या दिवसापासून स्पिंडल कण्हायला लागला,
बेअरिंगच्या वाटीत बारीक खळगे,
सुपरवायझरनं इराप्पाचा तीन दिवसांचा पगार कापला.
हातोडा कुणाच्या हातात होता
हे त्यानं सांगितलं नाही.
मीही नाही.

आर-एट परत डब्यात टाकला. एकावर संसार होत नाही.

थर्टी उचलला.
वरून दांडीनं ओढून धरला तरच राहतो,
दांडी ढिली केली की मोकळा.
पण त्याचं तोंड एकतीस पॉइंट पंचाहत्तर,
माझी बेअरिंगं पस्तीसची, घेऊन ठेवलेली, बिलासकट.
भिंतीला उरणार पापडाएवढं.
म्हणजे नवा बार, साठचा,
मागं उतरवत न्यायचा पस्तीसवर
आणि बेअरिंगच्या पुढं जाड नाक काढायचं.
म्हणजे आणखी दोन महिने.
म्हणजे घरी बोलणी.

हनिफनं चार होल्डरांचे सहाशे सांगितले.
मी पाचशे दिले आणि एक चहा.

भाची संयुक्ता रविवारी येते.
माझ्या डोळ्यांना मिनिटं दिसत नाहीत आता,
अंश तेवढे दिसतात.
हनिफचाच होल्डर चकात धरून
ती त्याच्या उतारावर काटा चालवते,
मी कंपाउंड हळूच टिचकीनं सरकवतो.
"अजून. अजून. मामा, लई झालं, मागं."
आठ अंश सतरा मिनिटं.
काटा एका जागी उभा राहिला
तेव्हा शेजारचा कुकर शिट्टी द्यायचा थांबला होता,
किंवा मला ऐकू आला नाही.

निळा लावून पहिल्यांदा घातला,
फिरवला, काढला. तोंडाशीच कडं, आत कोरा.
पुसला. हवेएवढा काप घेतला.
पुन्हा निळा.
सहाव्या खेपेला निळा आतपर्यंत पसरला,
एका बाजूला बोटभर जागा सोडून. असू दे.

मग ड्रॉबार आवळला. स्पिंडल हातानं फिरवला.
ड्रॉबार अर्धा फेरा ढिला केला,
वरून पान्याची एक टकटक, दारावर करतात तेवढी,
आणि होल्डर
खाली धरलेल्या तळहातात आला.

"बिडो," माझ्या तोंडून गेलं.
"कुणाला म्हणालात?" संयुक्ता.
इराप्पा हुक्केरीला असतो, लेकाकडं.
नंबर आहे माझ्याकडं.
"फडकं दे आधी," म्हटलं,
"हात निळा झालाय."